पाइपातला बोळा

कारखान्याच्या मागच्या भिंतीतून एक पाइप बाहेर येतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याचं तोंड आहे आणि त्या तोंडात बोळा आहे. जुन्या लुगड्याचा, चिकणमातीत मळलेला, पुढे दगड टेकवलेला. हा बोळा काढून टाका असं बऱ्याच जणांनी सुचवलं. माझ्या भावानं, नळ्या टाकायला आलेल्या माणसानं, सेपरेटर विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं. तो काढलेला नाही. का काढलेला नाही, ते लिहून ठेवते आहे.

कारखाना टॉवेलचा. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत, शेवटच्या रांगेत, जिथं प्लॉट संपतात आणि माळ सुरू होतो. वडिलांच्या वेळी साधे पॉवरलूम होते. अण्णानं, म्हणजे मोठ्या भावानं, ते काढून एअरजेट माग घेतले. या मागात धोटा नसतो. हवेचा झोत सुताला एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे फेकतो. त्यामुळे अशा कारखान्यात सुताइतकीच हवेची काळजी घ्यावी लागते. हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर थांबला तर सगळे माग थांबतात.

कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि दाबतो. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली बसते. यंत्रात वंगणासाठी तेल असतं, त्याचा काही अंश या पाण्याबरोबर येतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आमच्याकडे हे पाणी थोडंच निघतं. मृगानंतर हवा दमट झाली की ते दिवसभर वाहतं. पाऊस पडला नाही तरी वाहतं.

ते थेट बाहेर सोडायचं नसतं. म्हणून अण्णानं मोठ्या कॉम्प्रेसरबरोबर सेपरेटरही घेतला. ही एक बंद टाकी असते. तिच्या पहिल्या कप्प्यात पाणी संथ राहतं आणि सुटं तेल वर तरंगतं. ते बाजूच्या कॅनमध्ये पडतं. उरलेलं पाणी तेल धरून ठेवणाऱ्या गाद्यांतून आणि शेवटी कोळशाच्या थरातून जातं. मग ते भिंतीतल्या पाइपातून बाहेर. बाहेर उतार आहे आणि उताराच्या तळाशी दगडाची एक बंद पडलेली खाण.

मी त्याआधी एका दैनिकाच्या सोलापूर कचेरीत उपसंपादक होते. कचेरी आकसत गेली, टेबलं कमी झाली, आणि अण्णानं मला कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं. पत्रव्यवहार, परवानग्या, खरेदीदारांच्या चौकश्या हे काम माझ्याकडे आलं. कॉम्प्रेसरची खोली माझ्या टेबलाच्या मागच्याच बाजूला होती. तिच्या आवाजाची सवय व्हायला फार वेळ लागला नाही. छपाईयंत्राच्या वरच्या मजल्यावर बसून काम केलेलं होतं.

ऑगस्टात पावसानं दडी मारली. ढग यायचे, उकडायचं, हवा अंगाला चिकटायची, पण थेंब नव्हता. अशाच एका सकाळी कॉम्प्रेसरच्या खोलीत पाणी साठलं. जमिनीवर पांढरट डबकं, त्यात बुडालेल्या चपला. सेपरेटरचं पाणी बाहेर जात नव्हतं.

खोली ज्यांच्या ताब्यात होती त्यांना सगळे मामा म्हणतात. तेलुगू विणकर घराण्यातले. सगळी उमर जॉबर म्हणून, म्हणजे माग बिघडला की नीट करणारा माणूस म्हणून गेली. माग बदलले तेव्हा अण्णानं त्यांना कॉम्प्रेसरवर बसवलं. मामांची जीभ कधी स्वस्थ नसते. ते भिंतीला वळसा घालून मागे गेले, परत आले आणि म्हणाले, "पाइपाचं लग्न लागलंय, अक्का. कुणीतरी लुगडं नेसवलंय त्याला."

त्यांनी बोळा ओढून काढला. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा साठलं. बोळा पुन्हा होता, या वेळी मातीत कालवून घट्ट बसवलेला. मामांनी तोही काढला. तिसऱ्या बोळ्याला पुढून दगड होता. अण्णा म्हणाला, पोलिसात तक्रार देऊ. मी म्हटलं, आधी कोण आहे ते तरी बघू.

मी भिंतीमागे गेले. पाइपासमोर एक बाई बसली होती. केस पूर्ण पांढरे, डोक्यावरून पदर, मांडीवर काठी. मेंढरं खाणीच्या वरच्या अंगाला, वाळलेल्या गवतात. पाण्यापासून लांब. एक कुत्रा माझ्याकडे आला, तिनं जिभेनं आवाज केला तसा परत गेला.

मी विचारलं, "मावशी, हा बोळा तुम्ही घातला?"

"व्हय. मीच घातला. काडला तर परत घालीन. लुगडी लई हायेत माज्याकडं."

तिच्याशी त्या दिवशी बराच वेळ बोलणं झालं. बोलली तीच जास्त. तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून त्यांची मेंढरं पावसाळ्यात या माळावर उतरतात. तेव्हा एमआयडीसीची ही रांग नव्हती, खाण चालू होती. खाण बंद पडली आणि तिच्यात पाणी राहू लागलं. कातरणीच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, नाहीतर लोकर मातीनं जड राहते आणि कात्री चालत नाही. ते धुणं याच खाणीत होतं. या वर्षीही झालं. मेंढरं वाळली, कातरली, आणि लोकर हाताला चिकटू लागली. तिला रिक्षाच्या धुराड्यासारखा वास होता. घोंगडी विणणाऱ्यानं मूठभर लोकर नाकाशी नेली आणि ढीग न उचलता निघून गेला. आधी तिला वाटलं, मुलानं कात्रीला जास्त तेल लावलं असेल. मुलाला शिव्या दिल्या. मग एके दिवशी खाणीच्या काठावर पाण्यावरची साय दिसली. ती जिथून येत होती तिकडे ती चालत गेली आणि पाइपापाशी पोचली.

ती म्हणाली की याच पाण्यामुळे एक मेंढी गाभडली, तिचा गर्भ पडला. याचा माझ्याकडे पुरावा नव्हता आणि तिच्याकडेही नव्हता, म्हणून ते मी तिचं म्हणणं म्हणून लिहिते. ती असंही म्हणाली की हे रंगाचं पाणी आहे. ते चूक होतं. आमच्याकडे रंगाई होत नाही, रंगवलेलं सूत बाहेरून येतं. मी तिला तसं सांगितलं.

"मग पांढरं कशानं?" ती म्हणाली. "दूध सोडता काय तुमी?"

पाइपाच्या तोंडाखाली जमीन पांढरी पडली होती. मातीवर फेसाचं वाळलेलं जाळं होतं. सेपरेटर चालू असताना असं पाणी बाहेर यायला नको होतं.

तिला काय हवं, ते विचारलं. तिला पाणी हवं होतं. खाणीतलं, पूर्वीसारखं. गाभण मेंढ्या पाच-सहा होत्या, त्यांना पाण्यासाठी होटगी गावाच्या अंगाला चालवत न्यावं लागत होतं. रस्त्यात ट्रक, पुढे रूळ. पाऊस आला तर खाण वाहून स्वच्छ होईल असा तिचा हिशोब होता. तोवर वरून नवं तेल येऊ द्यायचं नाही. एवढंच ती तिथं करत बसली होती.

अण्णाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तिच्यासाठी टँकर मागवू म्हणाला. एक प्लास्टिकची टाकी ठेवू, रोज भरू. हा निरोप मी तिला नेऊन दिला.

"माजं पानी हाय की," ती म्हणाली. "तुमचं मला कशाला?"

पेपरात शिकवलेली एक गोष्ट होती. दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल दोन वेगळी विधानं करत असतील तर ती गोष्ट स्वतः जाऊन बघायची. अण्णा म्हणत होता पाणी साफ आहे. मावशी म्हणत होती घाण आहे. मी काचेच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत सेपरेटरच्या पहिल्या कप्प्यातलं पाणी भरलं, दुसरीत बाहेर पडणारं, जे बोळ्यामुळे मामा बादल्यांत धरत होते. दोन्ही ऑफिसच्या खिडकीत ठेवल्या.

पहिल्या कप्प्यातलं पाणी पांढरं असेल असं धरलं होतं. बाहेर पडणारंही तितकंच पांढरं होतं. पातळ ताकासारखं. दोन्ही बाटल्यांत वर तेलाची रेघ यायला हवी होती. पाणी आणि तेल सोडून दिले की तेल वर येतं, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. रेघ आली नाही. आठवडा उलटत आला तरी दोन्ही बाटल्या तशाच. अण्णा येता-जाता त्यांच्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, "काय लोणी काढायचंय का त्याचं?"

पण त्यानं सेपरेटरवाल्यांना फोन केला. त्यांचा माणूस पुण्याहून आला. त्यानं टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि वर पाहून विचारलं, "यात साबण कोण टाकतं?"

मामा छाती काढून पुढे झाले. "मी. मापानं टाकतो."

पुढचं सगळं मामांनीच सांगितलं आणि अण्णानं मधे अडवलं नाही. टाकी बसवली तेव्हा तिच्या वरच्या कप्प्यात तेलाचा इंद्रधनुषी थर दिसायचा. तो दिसायलाच हवा होता, टाकीचं ते काम होतं. पण खरेदीदार यायचा होता आणि अण्णाला तो थर म्हणजे घाण वाटली. टाकी स्वच्छ दिसली पाहिजे, असं त्यानं मामांना सांगितलं. मामा घडीखात्यात गेले. घडीखातं वहिनीच्या हाताखाली आहे. तिथं टॉवेल तपासले जातात, घड्या पडतात, आणि मागाच्या तेलाचा डाग दिसला तर तो काढला जातो.

ही डाग काढायची गोष्ट सोलापूरबाहेरच्या माणसाला नीट सांगायला हवी. मागावरून उतरलेल्या कापडावर कुठं ना कुठं तेलाचा ठिपका पडतोच. म्हणून टॉवेलच्या घरात साबण हे हत्यार असतं. प्रत्येक घराचं आपलं मिश्रण असतं आणि ते दुसऱ्याला सांगत नाहीत. वहिनीचं मिश्रण आमच्या रांगेत नावाजलेलं. रिठ्याचा काढा, त्यात पातळ साबण, त्यात आणखी काहीतरी, ते ती मलाही सांगत नाही. शेजारच्या प्लॉटवरून बाया वाटी घेऊन मागायला येतात. आमच्या घरून डागाचा टॉवेल बाहेर गेला नाही, हे वडील अभिमानानं सांगत आणि अण्णाही सांगतो.

मामांनी तेच मिश्रण मागून आणलं आणि टाकीत ओतलं. थर गेला. टाकीतलं पाणी एकसारखं, पांढरं, नीटस दिसू लागलं. अण्णा खूश झाला. मग दर आठवड्याला एक माप ठरलं. मामांना वाटलं आपण टाकी राखतो आहोत.

थर गेला म्हणजे तेल गेलं नव्हतं. ते पाण्यात मिसळलं होतं, इतकं बारीक होऊन की आता ते वर येत नव्हतं आणि गाद्यांनाही धरता येत नव्हतं. कापडावरचं तेल पाण्यात जावं म्हणून साबण लावतात. इथं पाण्यातलं तेल बाहेर यायला हवं होतं. तेलाशी एकाच रीतीनं भांडायची सवय असलेल्या घरानं दोन्ही ठिकाणी तेच हत्यार उचललं.

वहिनीला हे कळलं तेव्हा ती घडीखात्याच्या दारात उभी होती. "डाग गेला होता की," ती म्हणाली. पुण्याचा माणूस हसला. आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

नव्या गाद्या आणि कोळसा यायला वेळ लागणार होता. टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची होती. आणि माग चालू ठेवायचे होते, कारण माल वेळेवर द्यायचा होता. अण्णानं ठरवलं की तोवर बोळा काढून पाइप उघडा ठेवायचा. चूक कळली आहे, दुरुस्ती होणार आहे, थोडे दिवस आणखी पाणी गेलं तर काय बिघडलं. मेंढरं होटगीला जातच आहेत.

"त्या मेंढ्या गाभण आहेत," मी म्हटलं.

"एका म्हातारीसाठी कारखाना बंद करायचा?"

"कारखाना चालू राहील. पाइप बंद राहील."

"पाणी कुठं जाणार?"

"बॅरलमध्ये."

"आणि बॅरल कुठं ठेवणार?"

"तुझ्या गाडीच्या जागेवर."

"पेपर सोडलास," तो म्हणाला, "पण पेपरवाली खोड गेली नाही तुझी."

त्यानं दोन हेल्परांना पहार घेऊन मागे पाठवलं. मी त्यांच्या मागोमाग गेले. मावशी दगडावर बसली होती, पाठ पाइपाला लावून. पहार बघून ती उठली नाही. तिनं दोघांना निरखून पाहिलं, एकाला विचारलं, कुठला रे तू. तो म्हणाला, मैंदर्गीचा. त्याच्याशी ती कानडीत काहीतरी बोलली. त्यानं खाली बघितलं. मग ती मराठीत म्हणाली, माझ्याकडे बघून, म्हणजे मलाही कळावं:

"हाना. आदी मला हाना, मग दगडाला."

मैंदर्गीच्या मुलानं पहार जमिनीला टेकवली. ती काय म्हणाली ते मी त्याला नंतर विचारलं. ती म्हणाली होती, तुझ्या आईला हे पाणी पाजशील का. मी दोघांना परत जायला सांगितलं. त्यांना पाठवलं होतं अण्णानं, आणि परत बोलवण्याचा अधिकार मला नव्हता. ते परत गेले.

मी आत आले आणि मामांना म्हटलं, आतल्या बाजूनं पाइप बुजवा. सिमेंटनं. मामांनी विचारलं, अण्णानं सांगितलं का. मी म्हटलं, नाही, मी सांगते आहे. मग त्यांनी घमेल्यात सिमेंट कालवलं, सेपरेटरची नळी पाइपातून ओढून काढली आणि भोक आतून भरलं. भरताना म्हणाले, "आता दोन्हीकडून लग्न लागलं."

अण्णाला हे संध्याकाळी कळलं. तो ओरडला नाही. आमच्या घरात ओरडत नाहीत, बोलणं बंद करतात. त्यानंतर कितीतरी दिवस तो डबा ऑफिसात न खाता मागांच्या खोलीत खाऊ लागला. काही सांगायचं असलं तर वहिनीतर्फे सांगायचा. वहिनी निरोप आणायची आणि आपल्या तर्फे एक वाक्य जास्तीचं घालायची. एकदा म्हणाली, "त्यांचं म्हणणं, बॅरल हलवा. माझं म्हणणं, ठेवा."

बॅरल भरत गेले. एक एक करत ते गाडीच्या जागेवर उभे राहिले. साबणाचं पाणी ज्या बॅरलमध्ये होतं त्यावर मामांनी खडूनं फुली मारली. त्यातलं तेल आता सहजी सुटणार नव्हतं. ते पाणी घातक कचरा उचलणाऱ्या परवानाधारक गाडीनंच न्यायचं होतं. तसं मी त्या गाडीच्या कंपनीला लिहून पाठवलं.

याच दिवसांत मुंबईहून खरेदीदाराचा माणूस आला. फाटकातून आत आला, त्यानं पहिल्यांदा बॅरलच पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. अण्णा म्हणाला, जुनं सामान आहे. त्या माणसानं माझ्याकडे बघून तेच पुन्हा विचारलं. मी सांगितलं: कॉम्प्रेसरचं पाणी, त्यात तेल, त्यात साबण, साबण आमच्या चुकीनं, म्हणून बाहेर न सोडता साठवलेलं. तो बरं म्हणाला आणि टॉवेल बघायला गेला.

तो गेल्यावर अण्णा माझ्या टेबलापाशी आला. त्या दिवसांतलं त्याचं ते पहिलं थेट वाक्य होतं.

"खरं सांगायची काय गरज होती?"

"त्यानं विचारलं."

"मी उत्तर दिलं होतं."

"म्हणूनच त्यानं परत विचारलं."

खरेदीदाराची ऑर्डर नंतर आली. बॅरलमुळे आली की बॅरल असूनही आली, ते मला माहीत नाही आणि त्याचा दावा मी करत नाही. ती आली नसती तरी मी तेच सांगितलं असतं. अण्णालाही हे माहीत आहे.

सुटे भाग आले. टाकी नुसत्या पाण्यानं धुतली, पुन्हा पुन्हा, फेस यायचा थांबेपर्यंत. गाद्या बदलल्या, कोळसा बदलला. कॉम्प्रेसरच्या खोलीतली साबणाची बाटली वहिनी स्वतः येऊन घेऊन गेली. जाताना मामांना म्हणाली की यापुढे कुणीही मागितलं तरी आधी विचारणार, टॉवेलला की टाकीला.

त्यानंतर पहिल्या कप्प्यात सकाळी वर थर दिसू लागला. पातळ, मधाच्या रंगाचा. तो कडेच्या कॅनमध्ये थेंब थेंब उतरायचा. मामा तो थर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मी खिडकीतल्या जुन्या बाटल्यांशेजारी तिसरी बाटली ठेवली. तिच्यातून पलीकडचं फाटक दिसत होतं. पाणी तपासायला पाठवलं, ते नियमात बसलं.

एका दुपारी अण्णानं ती तिसरी बाटली उचलली. उजेडात धरली. वास घेतला. "चल," म्हणाला.

आम्ही दोघं मागे गेलो. पाऊस अजून आला नव्हता. मावशी बोळ्याजवळच होती, या वेळी पाइपाकडे तोंड करून, दोन दिवसांचं कोकरू मांडीवर घेऊन. एक मेंढी व्याली होती. अण्णा तिला पहिल्यांदा भेटत होता. त्यानं वाकून नमस्कार केला. तिनं त्याला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "पहारवाला मालक तूच काय?"

अण्णा म्हणाला, हो. मग बाटली पुढे केली. "मावशी, झालेली चूक दुरुस्त केली. बघा, आता साफ आहे."

तिनं बाटली घेतली. वास घेतला. थोडं पाणी तळहातावर ओतलं आणि कोकराच्या पाठीवर चोळलं. मग ती वाट बघत बसली. उन्हात लोकर वाळेपर्यंत तिनं अण्णाला त्याची मुलं किती, मोठा काय करतो, आई आहे का, हे सगळं विचारून घेतलं. अण्णा एकेकाचं उत्तर देत उभा होता, पायात मोजे आणि पॉलिशचे बूट, गोखरूच्या काट्यांत. शेवटी तिनं कोकराच्या पाठीवर नाक टेकवलं.

"साफ हाय," ती म्हणाली.

अण्णा म्हणाला, "मग काढू बोळा?"

"साफ हाय तर भाईर कशाला टाकता? वापरा की तुमीच."

"खाणीला पाणी मिळेल, मावशी. तुमच्याच मेंढरांना."

"खाणीला आबाळाचं पानी येतं." तिनं बाटली अण्णाच्या हातात परत दिली. "आज साबन बंद हाय. उद्या तुज्या बायकूला परत डाग दिसला, तर?"

साबणाचं तिला मी सांगितलं होतं. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. पाणी आज साफ होतं, हे तो दाखवू शकत होता. उद्याचं दाखवता येणारी बाटली त्याच्याकडे नव्हती.

परत येताना तो भिंतीपाशी थांबला. बोळ्याला बुटानं स्पर्श केला, ढकलला नाही. आत आल्यावर मामांना म्हणाला, सेपरेटरची नळी संडासात सोडायच्या पाण्याच्या टाकीला जोडून घ्या. फरशी धुवायलाही तेच पाणी वापरा. मामांनी विचारलं, आणि पाइप? अण्णा म्हणाला, राहू दे. त्या दिवशी त्यानं डबा ऑफिसात खाल्ला. बॅरल नेणारी गाडी आली आणि त्याच्या गाडीला जागा झाली.

पाऊस सप्टेंबरात आला, एकदम आणि पुष्कळ. खाण भरली, काठावरून वाहिली. पाणी संथ झाल्यावर मावशीनं आधी कुत्र्याला पाजलं, मग मेंढरांना. गाभण मेंढ्या होटगीला जायच्या थांबल्या. ती मला भेटली तेव्हा मी तिला विचारलं, आता बोळा नसता तरी चाललं असतं का. ती म्हणाली, "असलेला काय वाईट हाय?"

तेव्हापासून बोळा आहे. तो एकदा कुजला, तिनं बदलला. नवं लुगडं हिरवं आहे. माळावरून जाताना ती पाइपाकडे येते, दगडावर पाय देते, भार टाकते, दगड हलत नाही हे बघते आणि पुढे जाते. मेंढरं तिच्यासाठी थांबत नाहीत, कुत्रा थांबतो. आमच्यावर विश्वास बसला का, हे मी तिला विचारलेलं नाही. त्या पायाचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे.

यंदा अण्णानं आणखी माग घेतले आणि दुसरा कॉम्प्रेसर आला. नळ्या टाकायला आलेला माणूस खोली बघून म्हणाला की मागच्या भिंतीत तयार भोक आहे, ते उघडलं तर काम सोपं होईल, दुसरीकडे कशाला फिरवायचं. सेपरेटरवाल्यांचंही तेच मत पडलं. बाहेर पडणारं पाणी नियमात बसतं, कायदा अडवत नाही. हे खरं आहे.

अण्णा म्हणाला, "ते भोक नाही." मग मला विचारायला त्यानं माझ्या टेबलाकडे पाहिलं.

मी उठून कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले. नव्या यंत्राच्या हादऱ्यानं आतल्या सिमेंटला बारीक चीर गेली होती, नख जाईल एवढी. मामांना बोलावलं आणि ती भरून घेतली.